गोरोबाचा हुंकार

गोरोबा गोष्ट सांगायला बसला की आधी हुंकार मागायचा. समोर चार माणसं असोत की सगळी जत्रा, त्यातल्या एकानं दर वाक्याला ‘हूं’ म्हटलंच पाहिजे, हा त्याचा दंडक. हुंकार देणाऱ्याला डुलकी लागली की गोरोबा तिथंच थांबायचा. मग गोष्टीतला राजा एक पाय रिकिबीत नि एक पाय जमिनीवर, असा लटकून राही. "बिनहुंकाराची गोष्ट म्हंजी बिनमेंढराचा धनगर," तो म्हणायचा. बेंबळीत आणि आसपासच्या जत्रांमध्ये त्याच्या धनगरी ओव्यांना नाव होतं. घरात मात्र त्याची बायको हरणाबाई म्हणे, "ह्यांची गोष्ट आन आपल्या गावची यष्टी. निघती कवा आन पोचती कवा, देवाला ठावं."

अशा या गोरोबाला म्हातारपणी जपानी अ‍ॅनिमेचा नाद लागला, आणि तो लावला त्याच्या धाकट्या लेकीनं, मंजुषानं. मंजुषा धाराशिवला जाऊन पदवी घेऊन आली होती आणि गावातल्या सेवा केंद्रात बसून लोकांना सातबारे नि दाखले काढून देत होती. संध्याकाळी केंद्र बंद झालं की ती भाकरी घेऊन बापाचा मेंढरांचा कळप बसला असेल त्या रानात जायची. बाप जेवेस्तोवर बांधावर बसून फोनमध्ये डोकं खुपसायची.

"काय बगतीस गं, मान मोडून?" एके दिवशी गोरोबानं विचारलं.

"कार्टूनच हाय एक, आबा. जपानचं. त्याला अ‍ॅनिमे म्हंत्यात."

"त्याला काय बी म्हनू दे. गोष्ट हाय का त्यात?"

"लई मोठी हाय."

"मग सांग की. म्या हूं म्हंतो."

मंजुषाला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. एक-दोन भाग ऐकेल नि सोडून देईल. पण तिनं सांगायला सुरुवात केली आणि बापानं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून हुंकार दिला, तेव्हा तिला आतून काहीतरी फार बरं वाटलं. जन्मभर तीच त्याला हूं म्हणत आली होती.

मालिकेचं जपानी नाव जिभेवर ठरेना, म्हणून तिनं तिला ‘काजळवाट’ म्हणायला सुरुवात केली. त्या देशात एके दिवशी सूर्य बुडाला तो पुन्हा उगवलाच नाही. साये नावाची एक पोरगी हातात कंदील घेऊन आपल्या जळालेल्या गावातली अनाथ पोरं गोळा करते आणि सूर्य जिथं पुरलाय म्हणतात त्या डोंगराकडं निघते. वाटेत अंधारात श्वापदं असतात. ती एके काळची माणसंच, अंधाराला कंटाळून ज्यांनी स्वतःचा दिवा फुंकून टाकला ती. गोरोबा सायेला सई म्हणू लागला. दोन-चार दिवसांत सई आपल्याच आळीतली असावी अशी तो तिची चौकशी करू लागला. "सई जेवली का आज?" तो विचारी. जेवली नसेल तर चुकचुके.

पण गोरोबा नुसता ऐकून सोडणारा नव्हता. भाग संपला की तो घोंगडीवर मांडी ठोकून गुणदोष काढायचा. पाहुण्यांच्या घरचं जेवण जसं घरी आल्यावर निवडतात, तसा.

अंधार मात्र त्याला पसंत पडला. मंजुषानं त्याला फोनवर चित्रं दाखवली, तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. "ह्यो चित्र काढनारा रानात निजलेला हाय," तो म्हणाला. "अंधार काळा नसतोय, निळा असतोय, ह्ये घरात झोपनाऱ्याला कळत न्हाय." दुसरं, मरायच्या आधी सईच्या कंदिलात प्रत्येक श्वापदाचा जुना चेहरा दिसायचा. कुणी कुंभार, कुणी लेकुरवाळी बाई. तिथं गोरोबाचा हुंकार जड व्हायचा. आणि सगळ्यात जास्त आवडायचं ते सईचं चालणं. "ती पुढं चालती बग. मागनं हाकत न्हाय. जितं सोता जानार न्हाय तितं ती पोरांना नेनार न्हाय. धनगराची जात हाय तिची."

दोषही काही कमी नव्हते. तलवार उगारून माणसं पन्नास वाक्यं बोलतात आणि समोरचा ऐकून घेतो, हे त्याला पटत नसे. कालचंच शिळं आज अर्धा भाग वाढतात म्हणून तो चिडे. एक जाडा पोरगा होता, तो नेमका मरणाच्या प्रसंगी पांचट विनोद करायचा. "त्याच्या थोबाडीत द्यायला कुनी न्हाय का जपानात?" गोरोबा विचारी. मंजुषा हसून लोटपोट व्हायची.

खरा राग होता तो वेगळ्याच गोष्टीवर. सईच्या पोरांतलं एकही पोर मरत नसे. दरीत पडलं तरी वर येई, छातीत नखं घुसली तरी पुढच्या भागात पट्टी बांधून चालू लागे. असं तीन-चारदा झाल्यावर एके संध्याकाळी गोरोबानं हुंकार देणं मधेच थांबवलं.

"काय झालं, आबा?"

"ह्ये बी न्हाय मरायचं. म्हाईत हाय मला."

"लेकरं हायती ती. त्यांना मारलं तर बगनार कोन?"

"मार म्हनत न्हाय म्या. पर जे मरनारच न्हाय त्याच्यासाठी म्या जीव मुठीत कशाला धरू?" त्यानं समोर बसलेल्या मेंढरांकडं हात केला. "लहानपनापास्नं कळपामागं हाय म्या. थंडीनं मरत्यात, पोट फुगून मरत्यात, लांडगा नेतोय, रस्त्यावर गाडी चिरडती. ज्या कळपातलं येक बी कोकरू मरत न्हाय, तो कळप कुटंच नसतोय, मंजे. नुसता सांगन्यात असतोय."

"आन तुमच्या ओवीतला बिरोबा मरतोय व्हय?"

गोरोबा हसला. "तो देव हाय. त्याला मरायची सोय न्हाय."

जवळच पांढऱ्या कपाळाची चांदी रवंथ करत होती. कळपातली ती म्होरकी मेंढी. गोरोबानं तोंडानं एक लांब हाक दिली, घशातून निघून टाळूवर थरथरणारी, की चांदी उठायची आणि चांदीमागं सगळा कळप. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ती कान हलवत नसे. मंजुषाला ती हाक लहानपणापासून हुबेहूब जमायची, आणि त्याचं गोरोबाला भारी कौतुक होतं. "माज्या मागं माजी हाक ऱ्हाईल," तो पाहुण्यांना सांगायचा.

भादव्यात एका दुपारी गोरोबा बांधावर बसल्या बसल्या कलंडला. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. शिवराजनं, म्हणजे मंजुषाच्या थोरल्या भावानं, त्याला सोलापूरला नेलं. शिवराज मुरूमला एका पतपेढीत कारकून होता, बायकापोरांसह तिकडंच राहायचा. जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितलं की ऐकू सगळं येतं, समजतंही, पण बोलणं परत येईलच असं नाही. आणि हेही सांगितलं की मनाला धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका.

आणि इकडं कळप. हरणाबाईचे गुडघे गेलेले, मंजुषाची नोकरी, शिवराज परगावी. वळायला माणूस शोधला, मिळाला नाही. आजकाल पोरं मुंबईला रखवालदारी करतील पण मेंढरामागं जाणार नाहीत. शेजाऱ्यांनी थोडे दिवस सांभाळलं, मग त्यांनीही हात वर केले. शिवराज म्हणाला, विकून टाकू. त्याला दोष देऊन उपयोग नाही, दुसरं कुणीही हेच म्हणालं असतं. बाप दवाखान्यात असतानाच व्यापाऱ्याचा टेंपो आला नि मेंढरांचा वाडा रिकामा झाला.

दिवाळीच्या तोंडावर गोरोबाला घरी आणलं. ओसरीवर खाट टाकली. खाटेवरून समोर मेंढरांचा वाडा दिसायचा, काटेरी कुंपणाचा, आत आता नुसती सुकलेली लेंडी. गोरोबानं वाड्याकडं बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. त्याचा डावा हात उचलला गेला आणि वाड्याकडं रोखला गेला.

शेवटी मंजुषाच म्हणाली, "महालिंगाप्पाकडं दिलीत, आबा. राखायला. तुमी बरं होईस्तवर."

महालिंगाप्पा हा गोरोबाचा जुना दोस्त, मुरूमच्या पलीकडचा, अर्धं कानडी नि अर्धं मराठी बोलणारा मेंढका. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास तो कळप घेऊन पार आळंदकडं उतरायचा. नाव अगदी चपखल बसलं. गोरोबाचा हात खाली आला आणि घशातून एक आवाज निघाला. फुटका, खरबरीत, पण ओळखू येणारा.

"हूं."

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. सगळं गेलं, पण हुंकार राहिला होता.

त्या दिवसापासून मंजुषानं नवी मालिका सुरू केली. संध्याकाळी केंद्रातून आली की हातपाय धुऊन खाटेजवळ बसायची आणि महालिंगाप्पाचा फोन आला होता म्हणून सांगायची. आज कळप नळदुर्गाच्या शिवारात बसलाय, शेताच्या मालकानं लेंडीखतासाठी आग्रहानं बसवून घेतलाय. आज जळकोटजवळच्या ओढ्यावर पाणी पाजलं. आज चांदीनं कुणाच्यातरी हरभऱ्यात तोंड घातलं आणि महालिंगाप्पानं कानडीत शिव्या खाल्ल्या. गोरोबा प्रत्येक वाक्याला हूं म्हणायचा. हळूहळू तिला त्यात गोडी वाटू लागली. ती बापाच्याच शिकवणीनं सांगत होती. तलवार उगारून भाषणं नव्हती, कालचं शिळं नव्हतं, पांचट विनोद नव्हता. मेंढरू कुठं लंगडलं, वारा कुठून सुटला, भाकरी कशाबरोबर खाल्ली, सगळं जागच्या जागी. चांदी व्याली, तिला दोन कोकरं झाली, एक पांढरं, एक काळंपांढरं बांडं. त्या संध्याकाळी गोरोबाच्या डोळ्याला पाणी आलं, आणि मंजुषा रात्री नीट जेवली नाही.

"किती दिवस असं चालवनार, गं?" हरणाबाई चुलीपाशी हळूच विचारायची.

"ते बरं होईस्तवर."

"कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाय, मंजे."

शिवराज फोनवर विचारी, "आज काय सांगितलंस?" म्हणजे आपण सुट्टीला आलो तर तेच सांगता यावं. सगळं घर त्या कळपावर जगू लागलं होतं. खरं तर तो कळप असतानासुद्धा त्याची एवढी चौकशी कुणी केली नव्हती.

पौषात थंडी वाढली आणि गोरोबाचा हुंकार कमी झाला. आधी दोन वाक्यांना एक, मग चार वाक्यांना एक. मंजुषा अधिक जोर लावून सांगू लागली. एकदा तिनं लांडगासुद्धा आणला. वाड्याला दोन फेऱ्या मारून तो कुत्र्यांच्या भीतीनं पळून गेला. गोरोबानं तिच्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तिनं सगळी हकिगत सांगितली, अगदी बांड्या कोकराच्या उड्यांसकट, आणि एकदाही हुंकार आला नाही.

ती घाबरली. उरला होता तो आवाजही गेला असं तिला वाटलं. तिनं शिवराजला फोन केला. तो म्हणाला, रविवारी येतो, परत सोलापूरला दाखवू. तोवर बापाचा जीव रमावा म्हणून तिला काजळवाट आठवली. त्या पर्वाचा शेवटचा भाग दोघांनी बघायचा राहिला होता. तिनं उशीला टेकून फोन धरला. भाग चांगला होता. बर्फ पडत होतं, कुणी बोलत नव्हतं, निळ्या अंधारात सईचा कंदील तेवढा हलत होता. सगळ्यांत धाकट्या पोरीला श्वापदानं धरलं. सईनं तिला मांडीवर घेतलं. पोरीनं डोळे मिटले. गोरोबा एकटक बघत होता. आणि मग कंदील झळाळला, गाणं वाजू लागलं, पोरीनं डोळे उघडले आणि ती हसली.

गोरोबानं डाव्या हातानं फोन बाजूला सारला. रागानं नाही. नको असलेली वाटी सारावी तसा. आणि मान वळवून तो वाड्याकडं बघत राहिला.

मंजुषा फोन हातात घेऊन तशीच बसली. ज्या कळपातलं एकही कोकरू मरत नाही. दिवाळी होऊन संक्रांत जवळ आली होती. एवढी थंडी पडली, एवढी कोकरं झाली, हमरस्ता ओलांडून कळप नळदुर्गाकडून मुरूमकडं गेला, लांडगा येऊन गेला, आणि तिच्या सांगण्यात एकही मेंढरू मेलं नव्हतं. तिची छातीच झाली नव्हती. खाटेवर पडलेल्या बापाला मेलेलं कोकरू कसं सांगायचं? तिनं सगळे दोष टाळले होते नि तोच तेवढा केला होता.

ती उठून चुलीपाशी गेली. "आई, आबाला कळलंय."

"कुनी सांगितलं?"

"म्याच."

हरणाबाईला तिनं समजावून सांगितलं. हरणाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "मग आता मार की येखादं."

"काय?"

"गोष्टीत. येखादं म्हातारं मेंढरू मार. थंडीनं मेलं म्हन. म्हंजी इस्वास बसंल त्यांचा." आणि हे बोलता बोलताच तिला रडू फुटलं.

मंजुषानं मनाशी ठरवलं, मारायचं. चांदीचं बांडं कोकरू मारायचं. ती खाटेजवळ येऊन बसली. ऊन उतरलं होतं, वाड्याच्या कुंपणाची सावली ओसरीपर्यंत आली होती.

"आबा, महालिंगाप्पाचा फोन आलता," ती म्हणाली. "काल लई थंडी होती त्या अंगाला. चांदीचं बांडं कोकरू..."

गोरोबानं तिच्याकडं पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. जत्रेत दुसऱ्या कुणी ओवी मांडली आणि तो आता थापेवर वेळ मारून नेणार, हे आधीच दिसलं की गोरोबा असाच बघायचा. मंजुषाच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

"मेंढरं विकली, आबा," ती म्हणाली.

आत भांड्याचा आवाज थांबला. वाड्यात एक चिमणी उतरली होती, ती उडून गेली. मंजुषा खाटेचा कठडा धरून बसली. बापाला काही झालं तर ते आपल्या हातून झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"हूं," गोरोबा म्हणाला.

तिला खरंच वाटेना. किती दिवसांनी.

"तुमी दवाखान्यात हुता तवाच. वळाय मानूस मिळंना. दादाचा बी इलाज न्हवता."

"हूं."

"बाजारातला व्यापारी आला. सकाळीच टेंपो आला. पाठीमागनं फळी लावली."

"हूं."

"येक बी चढंना. लोकांनी मारलं, वडलं, तरी चढंनात. चांदी वाड्याच्या तोंडाला पाय रोवून हुबी हुती. दादानं तिचं कान धरलं, तर दादाला घेऊन पडली."

"हूं." गोरोबाचे डोळे वाहत होते. डावीकडचा ओठ मात्र किंचित हलला, हसल्यासारखा.

इथवर सोपं होतं. याच्या पुढचं तिनं आईलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं, हरणाबाई त्या सकाळी तोंड फिरवून घरात बसली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते मंजुषाला त्या दिवसापासून रोज आठवत होतं.

"मग म्या फळीवर चढले, आबा," ती म्हणाली. "टेंपोत जाऊन हुबी ऱ्हायले. आन तुमची हाक दिली."

हुंकार आला नाही.

"चांदीनं वर बगितलं. माज्याकडं बगितलं. मग आली. म्या पुढं हुते म्हनून आली. तिच्यामागं समदी आली. मग म्या बाजूनं खाली उतरले."

हुंकार नाही. मंजुषानं मान खाली घातली. हुंकाराशिवाय पुढं जायचं नाही हा त्याचाच दंडक, म्हणून ती थांबून राहिली. सई जिथं स्वतः जाणार नाही तिथं पोरांना नेत नाही, हे त्यानंच तिला दाखवलं होतं. दारात हरणाबाई येऊन उभी राहिली. कुंपणाची सावली खाटेवर चढली.

मग डावा हात हळूहळू सरकत आला आणि मंजुषाच्या मनगटावर पडला. फार वजन नव्हतं त्याला.

"हूं," गोरोबा म्हणाला.

"मग फळी काढली," मंजुषा रडत रडत म्हणाली. "दार लावलं. टेंपो सडकंला लागला. चांदीचा आवाज लांबपतूर येत हुता. मग न्हाय आला."

एवढंच होतं. गोष्ट संपली की हुंकार द्यायचा नसतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ऐकणारा उठतो, अंग झटकतो, आपल्या वाटेला लागतो.

"हूं," गोरोबा म्हणाला, आणि पुढं ऐकायला तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"पुढं काय न्हाय, आबा," ती म्हणाली. "संपली."

त्यानं वाड्याकडं पाहिलं, मग परत तिच्याकडं.

"हूं."